खंदकातून चालवलेले घर

युद्धाच्या इतिहासात म्हशीला जागा नसते. तिथे सेनापती असतात, तोफा असतात, नकाशावर पुढेमागे सरकणाऱ्या रेघा असतात. पण १९१५ साली फ्रान्समधून हिंदुस्थानात आलेली सैनिकांची पत्रे वाचायला घेतली, की क्षेमकुशल आटोपल्यावर लवकरच गुरांची चौकशी सुरू होते. कोण व्याली, दूध किती देते, कोणता बैल विकायचा आणि कोणता मुळीच विकायचा नाही. पाठोपाठ बांधाचा वाद येतो, सावकाराचे व्याज येते, बहिणीच्या लग्नाची बोलणी येतात, कोर्टाची पुढची तारीख येते. मध्येच दोन वाक्ये लढाईची असतात. ती कधी अंगावर काटा आणतात, कधी नुसती उरकलेली असतात. आणि पुढच्या ओळीला लिहिणारा पुन्हा घरात शिरलेला असतो.

या विषयाच्या दाराशी नव्याने आलेल्या वाचकाने ही गोष्ट आधी मनात धरावी. परदेशी लढायला गेलेला सैनिक घर मागे टाकून गेला होता, असे आपण सहज म्हणतो. कागदपत्रे वेगळेच सांगतात. तो घर चालवत होता. हजारो मैलांवरून, महिनाभर उशिरा पोहोचणाऱ्या निरोपांनी, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, पण कर्त्या पुरुषाच्या अधिकाराने तो घर चालवत होता. त्याचे पत्र म्हणजे केवळ आठवणींचा उमाळा नव्हे. ते हुकूम होते, सल्ला होता, हिशेब होता, आणि कित्येकदा आपल्या गैरहजेरीत आपली जागा कुणी घेऊ नये म्हणून केलेली खटपटही होती. सैनिकाच्या रोजच्या जगण्याचा अभ्यास मला मोलाचा वाटतो तो यासाठी. रणभूमी आणि गाव यांचे दोन इतिहास आपण वेगळे लिहीत आलो. या पत्रांत ते एकाच पानावर आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. त्यांत लढणारे होते, तसेच खेचरे हाकणारे, स्वयंपाकी, भिस्ती, धोबी, डोलीवाले आणि मजूरही होते. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस पहिल्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरल्या आणि ऑक्टोबरात थेट खंदकांत गेल्या. गरम कपडे सगळ्यांना वेळेवर मिळाले नाहीत. त्या पहिल्या हिवाळ्याची थंडी आणि चिखल पत्रांतून पुन्हा पुन्हा येतो. फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर सव्वा लाखाहून अधिक हिंदी माणसे होती. पायदळ १९१५ च्या अखेरीस तिथून हलवून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, नेण्यात आले. घोडदळ मात्र १९१८ च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समध्ये राहिले. शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता.

ही पत्रे आज आपल्याला वाचता येतात, त्याचे कारण सरकारचा संशय. परदेशातून ब्रिटिश सत्ता उलथू पाहणाऱ्या गदर चळवळीचे साहित्य सैनिकांच्या हाती पडेल, या भीतीने १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी टपालावर देखरेख सुरू झाली. फ्रान्समध्ये हे काम एव्हलिन हॉवेल या सनदी अधिकाऱ्याकडे आले आणि त्याचे कार्यालय पुढे बुलोन्य इथे स्थिरावले. १९१५ च्या वसंतापर्यंत सैनिक आठवड्याला १० ते २० हजार पत्रे लिहीत होते. मूठभर माणसांना ती सगळी वाचणे शक्य नव्हते. म्हणून काही निवडायची, त्यांतल्या उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करायचे आणि दर आठवड्याला अहवालासोबत वर पाठवायचे, असा क्रम पडला. ते अहवाल लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात सुरक्षित आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतली शेकडो पत्रे निवडून १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या विषयाकडे वळणाऱ्याने ते पुस्तक आधी वाचावे, असे मी सांगेन.

मात्र वाचताना एका पत्राच्या मागे किती माणसे उभी आहेत, याचा विसर पडू देऊ नये. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हते. तो सांगे आणि पलटणीतला लिहिणारा कुणी लिही. मग ते पलटणीतल्या अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाई. पुढे बुलोन्यला कदाचित उघडले जाई, कदाचित नाही. गावात पोहोचल्यावर ते शाळामास्तर किंवा टपालवाला मोठ्याने वाचून दाखवी आणि ऐकायला अर्धी आळी जमलेली असे. म्हणजे नवऱ्याने बायकोला पाठवलेला शब्द वाटेत चारपाच परक्या कानांवरून जाणार, हे दोन्ही टोकांना ठाऊक होते. पत्रांतला संकोच, ठरावीक वळणे, ‘सर्व कुशल’ची पुनरावृत्ती यांचा अर्थ या जाणिवेतून लावावा लागतो. पुष्कळ पत्रे पुढे घरी रवाना झाली आणि काळाच्या ओघात नाहीशी झाली. आपल्या हाती राहिले आहेत प्रामुख्याने इंग्रजी उतारे, तेही कुणीतरी विशिष्ट हेतूने निवडलेले.

सैनिकांनी या देखरेखीवर आपले उपाय शोधले होते. प्रसिद्ध उदाहरण मिरची-मिरीचे आहे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, अशा आशयाचे निरोप घरी जात. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे, हे कळायला टपाल तपासणाऱ्यांना फार वेळ लागला नाही. मला या उदाहरणात चातुर्यापेक्षा निकड अधिक दिसते. आपल्या पलटणीत माणसे किती उरली हे घरी कळलेच पाहिजे, कारण त्यावर धाकट्या भावाने भरतीला यायचे की नाही हे ठरणार होते. ‘इकडे येऊ नकोस’ हे उघड लिहिता येत नव्हते आणि लिहिल्यावाचून राहवत नव्हते. हॉवेलने अहवालात नोंदवले आहे, की पत्रांतून कविता वाढू लागली आहे आणि हे मन अस्वस्थ झाल्याचे काहीसे अशुभ लक्षण वाटते. तो अधिकारी पुष्कळ बाबतींत साम्राज्याच्या चष्म्यातून पाहत होता, पण इथे त्याचा कान तयार होता, असे म्हणावेच लागते.

लढाईचे वर्णन करताना हे सैनिक कोणती उपमा निवडतात, याकडे लक्ष द्या. रणात पडलेल्या देहांना कापणीनंतर शेतात पडलेल्या पेंढ्यांची उपमा येते. गोळ्यांना पावसाळ्यातल्या सरींची येते. कित्येक जण या युद्धाला महाभारत म्हणतात. नवे, यंत्रांचे, कुणीही न पाहिलेले युद्ध समजून घ्यायला त्यांनी शेत, पाऊस आणि कथा हीच साधने वापरली. सैनिकाचा गणवेश घातलेला शेतकरीच तिथे बोलतो आहे.

फ्रान्समधल्या घोडदळाच्या पत्रांना वेगळा रंग आहे. ते अधूनमधून खेड्यांत, शेतकऱ्यांच्या घरी मुक्कामाला असत. घरातली तरुण माणसे आघाडीवर गेलेली, मागे म्हाताऱ्या आया आणि सुना नांगर धरतात, दूध काढतात, दुकान चालवतात, हिशेब लिहितात, हे त्यांनी रोज पाहिले. एखाद्या म्हातारीने आईसारखे केले, कपडे सांधून दिले, दुखण्यात उशाशी बसली, असे उल्लेख येतात. आणि मग काही पत्रांत एकाएकी घरी सूचना जाते: मुलीला शाळेत घाला. कुणा सुधारकाचे व्याख्यान ऐकून हे सुचलेले नाही. दुसऱ्याचे घर जवळून पाहिल्यावर आपल्या घराबद्दल पडलेला हा प्रश्न आहे. परदेशवासाने सैनिक किती बदलला याचे मोठे सिद्धांत मांडण्याआधी अशा एकेका ओळीजवळ थांबले पाहिजे.

ब्रायटनच्या इस्पितळांची पत्रे वाचताना दोन टोके सांभाळावी लागतात. डिसेंबर १९१४ पासून तिथला राजवाडा, रॉयल पॅव्हिलियन, जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ झाला. धर्म आणि जात पाहून स्वयंपाकघरे वेगळी, हिंदूंचे आणि मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे, गुरुद्वाऱ्यासाठी तंबू, अशी चोख व्यवस्था होती. जे ब्रायटनच्या इस्पितळांत मृत्यू पावले त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर गावाबाहेरच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. तिथे आज संगमरवरी छत्री उभी आहे. सैनिक या सोयीचे मनापासून कौतुक करतात. त्याच वेळी शहरातल्या हिंदी इस्पितळांत मोकळे फिरण्यावर निर्बंध होते आणि बरे झालेल्यांना घरी न सोडता पुन्हा खंदकात धाडले जात होते. त्याबद्दलची जळजळ पत्रांतून लपत नाही. एकदा जखमी झालो, आपला वाटा दिला, आता दुसऱ्यांदा का, हा त्यांचा सवाल होता. कृतज्ञता खरी की तक्रार खरी, असे विचारू नये. एकाच माणसाने एकाच आठवड्यात दोन्ही लिहिले असेल.

कागदाखेरीज आवाजही उरला आहे. जर्मनांच्या हाती लागलेल्या हिंदी सैनिकांना बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फच्या छावणीत ठेवले होते. तिथे भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्या बोली ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या तबकड्या आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंग नावाचा पंजाबी शिपाई ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर उभा राहिला आणि स्वतःविषयी ‘एक माणूस होता’ अशा रीतीने बोलला. तो माणूस हिंदुस्थानात लोणी खात असे, मग इंग्रजांच्या चाकरीत आला, युद्धात सापडला, आता त्याला घरी जायचे आहे आणि आणखी दोन वर्षे इथे राहिला तर तो मरेल. जेमतेम दीड मिनिटाचे हे बोलणे आहे. संशोधकांना उच्चार हवे होते. त्याने त्यातही लोण्याचीच आठवण काढली.

आता आपल्याकडे येतो, कारण मराठी वाचकासाठी या विषयाचे केंद्र फ्रान्स नाही. साताऱ्याचे, रत्नागिरीचे, पुण्याचे, कोल्हापूरचे सैनिक ज्या मराठा पलटणींत होते, त्यांतल्या अनेकींची मुख्य आघाडी मेसोपोटेमिया ही होती. हिंदुस्थानातून सर्वाधिक माणसे तिथेच गेली. ती संख्या ५ लाख ८८ हजारांच्या घरात जाते आणि त्यांतली जवळपास निम्मी बिनलढाऊ कामांवरची होती. टायग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जो वेढा पडला, त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या.

कुतच्या वेढ्यात रोजचे जगणे म्हणजे उरलेले धान्य मोजणे. शिधा आठवड्यागणिक कमी होत गेला. भाजीपाला नसल्याने हिरड्यांतून रक्त येऊ लागले, जखमा भरेनात. घोडे आणि खेचरे मारून मांस वाटायला सुरुवात झाली, तेव्हा बहुसंख्य हिंदी सैनिकांनी ते नाकारले. धर्माचार्यांकडून परवानगीच्या तारा मागवण्यात आल्या. तरीही पुष्कळांनी अगदी अखेरपर्यंत, भुकेने उभे राहवेना तेव्हाच ते खाल्ले. लष्करी इतिहासकार याला हट्ट म्हणून दोन ओळींत निकालात काढतात. पण घरी परतल्यावर पंगतीत बसू देतील का, मुलीचे लग्न जमेल का, याचा विचार उपाशी माणूस वेढ्यातही करत होता. इथेही तो घरच चालवत होता. शेवटच्या आठवड्यांत विमानांतून पिठाच्या गोणी टाकल्या गेल्या, अफू टाकली गेली, जव दळण्यासाठी जात्याचा दगडही टाकला गेला. पाच महिने घरच्या टपालाची वाट बंद होती.

शरणागतीनंतर सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली, त्यांत हिंदी बहुसंख्य होते. वाळवंटातून चालत, रास-अल-ऐनसारख्या ठिकाणी रेल्वेच्या रुळांच्या कामावर त्यांतली अनेक माणसे संपली. या कैदेची आतून लिहिलेली हकीकत आपल्याला बंगाली माणसांकडून मिळते. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरच्या शिशिर सर्वाधिकारी यांनी रोजनिशीची पाने फाडून बुटात लपवून जपली आणि त्यातून १९५० च्या दशकात ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक झाले. कैदेत वारलेले डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी यांची पत्रे त्यांच्या आजी मोक्षदा देवी यांनी १९२८ मध्ये ‘कल्याण-प्रदीप’ या ग्रंथात गुंफली. ऐंशीच्या घरातल्या आजीने नातवाच्या पत्रांवरून एका युद्धाचा इतिहास लिहावा, ही मला या क्षेत्रातली सर्वांत थोर घटना वाटते. त्याच वेढ्यात, त्याच वाटेवर कोकणातले आणि देशावरचे शिपाई होते. त्यांच्या घरांनी काय जपले, हे शोधणे आता मराठी अभ्यासकाचे काम आहे.

ते काम अवघड आहे, कारण त्यांची नावे नोंदतानाच हयगय झाली. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे. पण तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणीवार नुसती संख्या. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर, जे १९२७ मध्ये उभे राहिले, ४ हजार ७०० हून अधिक हिंदी नावे आहेत. म्हणजे युरोपात मेलेल्याला नाव मिळाले आणि इराकात मेलेल्याला आकडा. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ च्या अहवालात ही विषमता मान्य केली. आपल्याकडच्या माणसाला पूर्वजाचे नाव शोधताना रिकाम्या हाताने परतावे लागते त्याचे हे एक कारण आहे, आणि त्याचा राग येणे रास्त आहे.

मग साधने कुठे आहेत? साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत या गावातून किती गेले, किती परतले नाहीत हे सांगणाऱ्या शिळा आहेत. मुंबईत मशीद बंदरला जुन्या सेलर्स होममध्ये त्या युद्धात समुद्रात बुडालेल्या २ हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. खलाशी हा सैनिक नव्हता, पण पाणतिराच्या भीतीखाली बोटीच्या भट्टीत कोळसा ओतणारा तोच होता, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या गावांचा या पेशाशी जुना संबंध आहे. कुटुंबांकडे पेन्शनची पुस्तके, मनिऑर्डरच्या पावत्या, पदके, कडेला पलटणीचे नाव कोरलेला एखादा बिल्ला असतो. स्त्रियांची बाजू तर कागदावर जवळपास आलीच नाही. तिच्यासाठी जात्यावरच्या ओव्यांकडे जावे. हेमा राईरकर आणि गी पोइतवँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लामावर, म्हणजे युद्धावर, गेलेला भाऊ, न येणारा खुशालीचा कागद, हे धागे धरून तो संग्रह कुणीतरी धीराने चाळला पाहिजे.

जातीचा प्रश्न या अभ्यासात तळटिपेत ढकलता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली होती. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि गरज सरताच, १९२१ मध्ये, ती मोडली. ज्या घरांत लष्करी चाकरी म्हणजे शाळा, पक्का पगार आणि मान, त्या घरांना ही चार वर्षे काय वाटली असतील, हे पलटणीच्या दप्तरातून कळणार नाही. मजुरांचेही तसेच. राधिका सिंघा यांचे २०२० मधले पुस्तक याच माणसांना मध्यभागी आणते. सैनिक या शब्दात आपण कुणाकुणाला बसवतो, याचा ते वाचून फेरविचार करावा लागतो.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रासाठी विशेष आहे. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत शिरली, सप्टेंबरात ती भयंकर होऊन परतली, आणि त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. चार वर्षे गावाने आघाडीवरच्या माणसाची काळजी केली होती. आता आघाडीवरचा माणूस जिवंत होता आणि वाईट बातमी गावाकडून निघत होती. युद्ध आणि साथ यांचे अभ्यास आजवर वेगवेगळ्या कपाटांत राहिले. परतणाऱ्या सैनिकाच्या दृष्टीने ती सलग घडलेली एकच गोष्ट होती.

दुसऱ्या महायुद्धाकडे मी इथे फक्त बोट दाखवतो. सैन्य २५ लाखांवर गेले. मराठा पलटणी एरिट्रियातल्या केरनला लढल्या, एक तोब्रुकला १९४२ मध्ये कैद झाली, आणि इटलीत यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, घाडगे यांनी मरणोत्तर. टपालावर तेव्हाही देखरेख होती. त्या अहवालांत १९४३ सालचे घरून आलेले धान्याचे भाव आणि सैनिकांची त्यावरची कासाविशी वाचायला मिळते. मोठा पगार मिळणारा जवान वाळवंटात पोटभर जेवत होता आणि त्याच पगारात घरी तांदूळ मिळत नव्हता. या काळाचे साक्षीदार आता फारच थोडे उरले असले, तरी त्यांची मुले-नातवंडे आहेत.

नव्या अभ्यासकाला माझी विनंती अशी, की सैनिकाला राजनिष्ठ ठरवायचे की फसवला गेलेला, हा निवाडा सोबत घेऊन कागदांकडे जाऊ नये. त्याला पगार हवा होता, इभ्रत हवी होती, मित्रांसमोर पाठ दाखवायची नव्हती, आणि घरी जायचे होते. यांतले काहीही दुसऱ्याला खोटे पाडत नाही. सुरुवात जवळून करावी. घरातली लोखंडी पेटी उघडली तर कागद आहे त्या क्रमाने, पाकिटासकट, मागचा शिक्काही दिसेल असा टिपून घ्यावा. पलटणीचा आणि शिपायाचा क्रमांक नावापेक्षा आधी उतरवावा, कारण इंग्रजी दप्तरात नावाची अनेक रूपे होतात, क्रमांकाची होत नाहीत. मनिऑर्डरच्या पावत्या तारखेने लावाव्यात, त्यांवरून तो कोणत्या महिन्यात कुठे होता हे पुष्कळदा कळते. घरातल्या सर्वांत वयस्क बाईशी वेगळे, निवांत बसून बोलावे. आणि फोटोतली माणसे ओळखणारे कुणी आहे तोवर ती नावे पेन्सिलीने मागे लिहून ठेवावीत.